चोराची ऊब टिपणारा सेन्सर

बर्गलर अलार्मचा मोशन सेन्सर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात, छताच्या थोडी खाली बसवलेली तळहाताएवढी पांढरी डबी. तिच्या दर्शनी भागावर दुधी रंगाची पातळ प्लॅस्टिकची पट्टी असते आणि त्या पट्टीमागे शर्टाच्या बटणाएवढा धातूचा तुकडा. ही डबी स्वतः कोणताही किरण सोडत नाही. समोरून येणारी उष्णता तेवढी घेते. बाजारात तिला पीआयआर सेन्सर म्हणतात.

प्रत्येक उबदार वस्तूतून अवरक्त किरण बाहेर पडत असतात. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस असते आणि तिच्या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रॉन लांबीच्या लहरींत असतो. धातूच्या तुकड्यावरची खिडकी या लांबीच्या आसपासचे किरण आत घेते. आतल्या स्फटिकाचे तापमान बदलले की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. तापमान स्थिर राहिले की स्फटिक गप्प बसतो. असे दोन स्फटिक एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. पूर्ण खोली हळूहळू तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होऊन बेरीज शून्य येते. माणूस समोरून आडवा गेला की आधी एक तापतो, मग दुसरा, आणि वर-खाली जाणारी एक लहर तयार होते. हीच लहर अलार्म वाजवते.

दुधी पट्टी ही फ्रेनेल भिंगांची रांग आहे. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी जाड भिंगाला पर्याय म्हणून हे कड्यांचे पातळ भिंग तयार केले. सेन्सरमध्ये ते पॉलिथिनचे असते, कारण काच या लांबीचे किरण अडवते. ही रांग खोलीचे पंख्याच्या काड्यांसारखे पट्टे पाडते आणि दोन पट्ट्यांमध्ये आंधळी जागा ठेवते. आडव्या चालणाऱ्याला हे पट्टे एकामागून एक ओलांडावे लागतात. सेन्सरच्या दिशेने सरळ येणारा मात्र बराच वेळ एकाच पट्ट्यात राहू शकतो. म्हणून सेन्सर दाराच्या थेट समोर लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. दारातून आत येणाऱ्याची वाट सेन्सरच्या नजरेला छेदून जावी, असा कोपरा निवडला पाहिजे.

दारे-खिडक्यांना चुंबकी स्विच लावले की काम भागले, असा समज घरमालकांत आणि दुकानदारांतही आढळतो. ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतील जुईनगर येथे, नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या चोरीत चोरांनी जवळचा गाळा भाड्याने घेतला, तिथून जमिनीखालून भुयार खणले आणि ते थेट एका बँकेच्या लॉकर रूममध्ये निघाले. शनिवार-रविवार उलटून सोमवारी बँक उघडल्यावर फोडलेले लॉकर दिसले. अशा वाटेने आलेला चोर दाराला हातही लावत नाही. त्याला पकडायचे तर जमिनीतली कंपने टिपणारा सेन्सर हवा, किंवा खोलीच्या मोकळ्या जागेवर नजर ठेवणारा.

बहुतेक सेन्सरची नेमलेली उंची २.१ ते २.४ मीटर असते आणि पल्ला १० ते १२ मीटर. डोंबिवलीतल्या वन बीएचकेच्या दहा बाय पंधरा फुटी हॉलला तो गरजेपेक्षा बराच जास्त आहे. तिथे संवेदनशीलता कमी ठेवली तरी चालते. उलट जास्त ठेवल्यास नसते ताप वाढतात. नेमलेल्या उंचीपेक्षा सेन्सर वर गेला तर त्याच्या पायाशी सरपटत जाण्याइतकी जागा मोकळी राहते. फार खाली आला तर पट्टे लवकर जमिनीला टेकतात, पल्ला घटतो आणि कपाट मध्ये आले की त्यामागचे काहीच दिसत नाही.

जागा ठरवताना खोली बंद असतानाची कल्पना करावी लागते. डोंबिवलीच्या फडके रोडवरचे किंवा ठाण्याच्या नौपाड्यातले दुकान रात्री बंद झाले की आत काय हलते? पश्चिमेकडचे लोखंडी शटर उन्हाने तापलेले असते आणि वाऱ्याने थरथरते. सेन्सरचे तोंड त्याच्याकडे नसावे. देवापुढे तेवत ठेवलेल्या समईची ज्योत फडफडत असते. फ्रिजच्या मागून गरम हवेचा झोत येतो, एसीतून थंड. घर गणपतीला गावी जाण्यासाठी आठवडाभर बंद होणार असेल, तर पंख्याखाली टांगलेल्या झिरमिळ्या काढून ठेवाव्यात. ठाणे-कल्याण रुळांलगतच्या इमारतींत जलद गाडी गेली की भिंत हादरते. सेन्सरची पकड सैल असेल तर डबी किंचित हलते आणि तिच्या दृष्टीने अख्खी खोलीच सरकते. तिथे प्लग आणि स्क्रू घट्ट बसवणे भिंगाइतकेच महत्त्वाचे आहे.

ठाणे-डोंबिवली भागातली सर्वांत मोठी अडचण उन्हाळ्याची. मार्च ते मेदरम्यान ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पारा काही दिवस ४० अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. सेन्सरला उपयोगी पडतो तो माणूस आणि त्याच्यामागची भिंत यांच्या तापमानातला फरक. जानेवारीच्या पहाटे भिंत २२ अंशांवर असते. ३३ अंशांची त्वचा तिच्यापुढे दिव्यासारखी उठून दिसते. एप्रिलच्या संध्याकाळी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, भिंत ३३-३४ अंशांवर येते आणि माणूस जवळजवळ भिंतीत विरघळतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या पत्र्याच्या गाळ्यात भरदुपारी भिंत ४० अंशांना पोहोचली, तर माणूस मागच्या भिंतीपेक्षा थंड ठरतो आणि फरक पुन्हा तयार होतो. सेन्सरला गरम-थंड दोन्ही चालते, फरक असला म्हणजे झाले. खरा धोका दोन्हींच्या मधल्या वेळी असतो, पत्रा निवत असतो तेव्हा. चांगल्या सेन्सरमध्ये यासाठी तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. खोली शरीराच्या तापमानाजवळ आली की तो संवेदनशीलता आपोआप वाढवतो. खरेदी करताना ही सोय आहे का, हे विचारायलाच हवे. काही रुपये वाचवण्यासाठी ती सोडू नये.

गाळ्यासाठी दुहेरी तंत्राचा सेन्सर अधिक भरवशाचा. त्यात अवरक्ताच्या जोडीला १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी असतात. हलणाऱ्या वस्तूवरून परतताना त्यांची वारंवारता बदलते आणि तापमानाशी त्यांचा संबंध नसतो. दोन्ही भागांनी दुजोरा दिला तरच सायरन वाजतो. मात्र सूक्ष्मलहरी प्लायवूडच्या पार्टिशनमधून पलीकडे जातात आणि फिरता पंखाही त्यांना दिसतो. म्हणून त्यांचा पल्ला स्वतंत्र स्क्रूने कमी करून शेजारच्या गाळ्याच्या अलीकडेच थांबवावा लागतो. शिवाय दुजोऱ्याच्या अटीमुळे अवरक्त भाग उन्हाळ्यात मंदावला तर दुसरा एकटा काही करू शकत नाही. इथेही तापमानाची भरपाई लागतेच.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. भिंतीतल्या कन्सिल्ड पाइपमधून दमट हवा सेन्सरच्या पाठीत शिरते, मुंग्या आणि झुरळांची पिल्लेही त्याच वाटेने येतात. स्फटिकासमोरून एक मुंगी गेली तरी ती हत्तीएवढी भासते. वायर आत घेतल्यावर ते भोक सिलिकॉनने बुजवायचे असते आणि हेच काम सर्वांत जास्त वेळा राहून जाते. भिंगावर पाल येऊन बसली तर तिच्यावर इलाज नाही. ट्यूबलाइटपासून दूरचा कोपरा निवडला तर ती कमी येते, कारण ती किड्यांच्या मागे असते.

वायरिंगमध्ये दोन वायरी १२ व्होल्टच्या, दोन अलार्मच्या आणि दोन टॅम्परच्या, म्हणजे झाकण उघडल्याचे कळवणाऱ्या. अलार्मचा संपर्क शांत असताना जोडलेला असतो, हालचाल दिसली की तुटतो. त्यामुळे वायर कापली तरी अलार्म वाजतो. पण कापण्याऐवजी कोणी दोन वायरी एकत्र पिळल्या तर? त्यासाठी सर्किटच्या टोकाला अलार्मच्या मुख्य पॅनेलने सांगितलेल्या मूल्याचा रेझिस्टर असतो. तो सेन्सरच्या डबीतच हवा. कित्येक ठिकाणी सोय म्हणून तो पॅनेलमध्येच जोडून मोकळे होतात. मग पिळलेल्या वायरी पॅनेलला ठीकठाक वाटतात आणि सेन्सर कायमचा मुका होतो. काम ताब्यात घेताना डबी उघडून रेझिस्टर डोळ्यांनी पाहावा. टॅम्परची जोडी पॅनेल बंद असतानाही जागी राहणाऱ्या झोनला द्यावी, म्हणजे दुकान चालू असताना कोणी झाकण उचलले तरी कळते.

वीज गेल्यावरही यंत्रणा चालली पाहिजे. पॅनेल आणि चार सेन्सर मिळून १५० मिलिअँपिअर घेत असतील, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची नवी बॅटरी हिशेबाने ४६ तास पुरते. जुनी बॅटरी याहून बरीच कमी पुरते.

जुळवणी वीज दिल्यानंतर लगेच सुरू करू नये. स्फटिक स्थिरावायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. झाकण लावून, खोली रिकामी करून, एकाच माणसाने नेहमीच्या चालीने आडवे चालावे आणि लाल दिवा लागेल तिथे जमिनीवर खडूने खूण करावी. दिवा विझेपर्यंत थांबून पुढची फेरी. मग हळू चाल, मग वाकून, मग सेन्सरच्या अगदी खालून. आत एक छोटा जंपर असतो. तो किती लहरी मोजल्यावर अलार्म द्यायचा हे ठरवतो. शांत खोलीत तो एकवर ठेवता येतो, वारा किंवा कीटक असलेल्या जागी दोन किंवा तीनवर. जंपर हलवला की खडूच्या खुणा पुसून सगळ्या फेऱ्या नव्याने घालाव्यात, कारण तीनवर ठेवलेला सेन्सर सरळ चालून येणाऱ्याला बराच पुढे येऊ देतो.

ही चाचणी एकदा सकाळी आणि एकदा एप्रिल-मेमधल्या संध्याकाळी, पत्रा निवताना, करावी. दोन्ही वेळच्या खुणांमध्ये जेवढे अंतर पडते, तेवढा भाग उन्हाळ्यात उघडा राहतो. तिथे दुसरा सेन्सर समोरच्या कोपऱ्यातून लावावा. कपाट हलवले, पार्टिशन घातले किंवा भिंतीला रंग दिला की चाचणी पुन्हा. रंगाचा हात भिंगावरून फिरला असेल तर भिंगच बदलावे लागते. चाचणी संपल्यावर लाल दिव्याचा जंपर काढून टाकावा. दिवा चालू राहिला तर दिवसा गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस दुकानात दोन फेऱ्या मारून सेन्सरला कुठे दिसते आणि कुठे नाही, हे शिकून जातो.