एक ग्लास, तीन राज्यं

'ड्राफ्ट बिअर' हा शब्द आता आपल्या घरांना नवा राहिलेला नाही. मुलं नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत येताना कपड्यांच्या बॅगेबरोबर हा शब्दही घेऊन आली. बाटलीत न भरता पिंपातून नळाने थेट ग्लासात सोडलेली ती ड्राफ्ट. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' आणि बंगळूरच्या इंदिरानगरात २०१० मध्ये 'टॉइट' सुरू झालं. त्यानंतर स्वतःची बिअर स्वतःच तयार करणाऱ्या अशा जागा वाढतच गेल्या. त्यात भिंतीवर मोठे टीव्ही आणि टीव्हीवर क्रिकेट असलं की झाला स्पोर्ट्‌स बार.

२०२४ च्या जूनअखेर माझी थोरली बहीण, आमची अक्का, हिच्या नातीचं बारसं होतं. अक्का लग्न होऊन बडोद्याला गेली. घर मांजलपूरला. बंगळूरला नोकरी करणारा माझा पुतण्याही सोबत होता. २९ जूनला ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. दुपारीच त्याने विचारलं, "आत्या, जवळपास ड्राफ्ट बिअर मिळणारा एखादा चांगला स्पोर्ट्‌स बार आहे का गं?"

अक्का हसून म्हणाली, "अरे, गुजरातीत बार म्हणजे बारा. इथं बार फक्त घड्याळात वाजतात!"

एका कायद्याच्या तीन वाटा

हसण्यावारी गेलेल्या या उत्तरामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपणही आहोत. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. म्हणजे बेळगाव, पुणे आणि बडोदे ही तिन्ही गावं एकाच कायद्याखाली कोरडी होती.

पुढे सीमा बदलल्या. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि १९६७ मध्ये त्या राज्याने दारूबंदी उठवली. महाराष्ट्राने परवाने देत देत बंदी सैल केली, पण कायदा रद्द केला नाही. आजही त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असंच आहे. पुण्यात ग्लास भरतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली! गुजरातने मात्र १९६० मध्ये वेगळं होताना बंदी कायम ठेवली. प्रकृतीच्या कारणासाठी किंवा बाहेरून आलेल्या पाहुण्यांना परवाना मिळतो. पण चारचौघांत बसून पिण्याचा बार नाही. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०२३ च्या डिसेंबरात सवलत जाहीर झाली, ती तेवढ्या भागापुरती.

मग आम्ही सामना पाहिला तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पडदा लावून. आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे खाली. खायला शेव-उसळ, प्यायला ताक. शेव-उसळ ही बडोद्याची खास चीज, आणि तिच्यातली उसळ आपलीच. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या आणि चेंडू होता हार्दिक पंड्याच्या हातात, म्हणजे बडोद्याच्याच पोराच्या! सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा जो आरडाओरडा झाला, तसा मी कुठल्याच बारमध्ये ऐकलेला नाही. भारत सात धावांनी जिंकला.

मध्यरात्रीच्या सुमारास मुली स्कूटरवरून घरोघरी परतत होत्या. अक्का म्हणाली, "हे बघ, मला बंदी आवडते ती यासाठी."

पण बंदी म्हणजे सुटका नव्हे

अक्काचं म्हणणं मला पटलं, पण अर्धंच. बंदी असलेल्या अहमदाबादेत २००९ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. २०२२ मध्ये बोटाद परिसरात पुन्हा तेच झालं. आणि बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीला, २०१५ मध्ये शंभरावर बळी गेले. मेली ती बहुतेक हातावर पोट असलेली माणसं. बंदी असो वा नसो, स्वस्त विष गरिबाच्याच वाट्याला येतं.

आपल्या शिकलेल्या घरांत अडचण वेगळीच आहे. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे," असं पोरं म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो. जरा हिशेब करू. अर्धा लिटरच्या ग्लासात पाच टक्के मद्यार्क म्हणजे पंचवीस मिलिलिटर. व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्येही साधारण तेवढाच. वाहन चालवताना शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ती एका मोठ्या ग्लासातही ओलांडली जाऊ शकते. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

परतीच्या गाडीत मी हा हिशेब पुतण्याला कागदावर मांडून दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, हे घरी कुणी कधी सांगितलंच नाही."

खरं आहे त्याचं. आपण घरात मराठी बोलतो, कन्नड बोलतो, एका वाक्यात दोन्ही बोलतो; या विषयावर मात्र दोन्ही भाषांत गप्प बसतो. वडील ओरडतात, आई डोळे पुसते आणि मुलगा दार ओढून घेतो. बोलणं होतच नाही.

राज्याचा कायदा कसा असावा, यावर विधानसभा ठरवतील ते ठरवतील. बंगळूरला राहणाऱ्या मुलाच्या ग्लासापर्यंत मांजलपूरचा कायदा पोहोचत नाही, फोन मात्र रोज पोहोचतो. रात्री "ऊट आयता?" विचारतोच आपण. शनिवारी त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा, न रागावता: "आज बाहेर जाणार असशील, तर परत कसा येणार आहेस?"