बाटलीतलं रोप आणि बांधावरचा वेल

चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला, गेल्या एप्रिलात मी दोन दिवस मुक्कामी होते. निमित्त एका फोनचं होतं. कृषी पदवी घेऊन गावी परतलेल्या एका मुलाने विचारलं होतं, “ताई, ट्रफलची रोपं आपल्याकडे करता येतील का? तिकडे एकेका रोपाचे हजार-दीड हजार घेतात म्हणे.” घरची आठ एकर केळी, एक विहीर, एक कूपनलिका, आणि घरामागे चार गुंठे मोकळी जागा. त्या जागेच्या कडेला बांधावर त्याच्या आजीने गिलक्याचा वेल मांडवावर चढवलेला. मांडवाखाली खाट टाकून आम्ही बोलत बसलो, आणि दुपारी ताटात त्याच वेलाची गिलकी आली.

ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी बुरशी. ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांवर ती वस्तीला असते. झाड तिला साखर पुरवतं, ती झाडाला मातीतलं पाणी आणि स्फुरद आणून देते. तिचं फळ, तो काळा खडबडीत सुगंधी गोळा, मातीखालीच धरतं आणि कुत्र्याच्या नाकाने हुडकावं लागतं. फ्रान्सच्या दक्षिणेकडे, व्होक्लूज भागात, जोसेफ तालों नावाच्या शेतकऱ्याने १८१० च्या सुमारास ट्रफल सापडणाऱ्या ओकखालच्या बिया वेचून आपल्या पडीक रानात लावल्या. काही वर्षांनी त्या नव्या झाडांखालीही ट्रफल निघू लागले. असं का होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. पुढे प्रशियात ट्रफल पिकवता येतील का, हे शोधायचं काम आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आलं. ट्रफल काही पिकले नाहीत, पण झाडाचं मूळ आणि बुरशी यांच्या भागीदारीचा उलगडा त्याच कामातून झाला. १८८५ मध्ये त्याने तिला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं. १९७० च्या दशकात फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने रोपाच्या मुळांवर ट्रफलची बुरशी मुद्दाम लावून रोपं तयार करण्याची रीत बसवली, आणि तेव्हापासून हा रोपवाटिकांचा धंदा झाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आज ट्रफल निघतात ते अशाच रोपांवर.

आपली माती या बुरशीला चालली असती. तापीकाठच्या काळ्या जमिनीत चुना आहे, सामू आठच्या आसपास असतो, आणि ट्रफललाही तसाच सामू लागतो. पण हवा कुठून आणणार? एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. सातपुड्यात साग, सालई, धावडा, अंजन आहेत, ओक आणि हेझल नाहीत. मी त्याला सरळ सांगितलं की हे इथे होणार नाही आणि यात वडिलांचे पैसे घालू नकोस. त्याचा चेहरा पडला. मग मी त्याला विचारलं की फ्रान्समधला तो रोपवाला नेमकं काय विकतो. ओकचं रोप तर कोणीही करील. तो मुळावरची बुरशी विकतो, आणि ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. खरं-खोटं कळायला सहा-आठ वर्षं जातात. तोवर शेतकऱ्याकडे रोपवाल्याच्या शब्दाशिवाय काही नसतं.

खानदेशात असा धंदा गेली तीस वर्षं चालू आहे. त्याला आपण केळीची नर्सरी म्हणतो.

जुनी केळी कंदावर व्हायची. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी. शेजाऱ्याच्या चांगल्या बागेतून मुनवे काढायचे, तासून साफ करायचे आणि लावायचे. कंद लहान-मोठे, म्हणून बागही पुढे-मागे निसवायची आणि कापणी दीड वर्षापर्यंत रेंगाळायची. कंदाबरोबर सूत्रकृमी, सोंडे आणि विषाणूही फुकट घरी यायचे. १९९० च्या दशकाच्या मध्यात जळगावच्या जैन इरिगेशनने टिश्यू कल्चरची केळी हाती घेतली. कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन वाकोदचे. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली होती. ठिबक त्यानंतर आलं, आणि ठिबकच्या मागोमाग ग्रँड नैन. हे नावही फ्रेंच, अर्थ मोठा बुटका. ठिबक, विद्राव्य खतं आणि एकसारखं रोप एकत्र आलं तेव्हा अकरा-बारा महिन्यांत बाग कापणीला येऊ लागली, आणि घडाची रास वाढली ती सगळ्या रावेर-यावलने डोळ्यांनी पाहिली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला गेली. या सगळ्याच्या मुळाशी बोटभर उंचीचं एक रोप आहे.

ते रोप कसं होतं ते पाहायला हवं. निवडक, तपासलेल्या झाडाचा मुनवा घेतात, त्याचे पापुद्रे सोलत आतल्या कोंबाच्या टोकापर्यंत जातात आणि ते टोक निर्जंतुक बाटलीत खाद्यावर ठेवतात. हे खाद्य बहुतेक वेळा मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी बसवलेल्या सूत्राचं असतं. कोंबाला फुटवे येतात, फुटवे वेगळे करून पुन्हा बाटलीत, पुन्हा फुटवे. हे चक्र कितीही वेळा फिरवता येतं, आणि मोह नेमका इथेच होतो. फेऱ्या वाढल्या की रोपांत बिघाड वाढतो. कुठे पानं अरुंद, कुठे झाड खुजं, कुठे घड वेडावाकडा. म्हणून चांगली प्रयोगशाळा सात-आठ फेऱ्यांवर थांबते आणि नवा कोंब घेते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चरच्या रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण सुरू केलं, त्यात केळीच्या चार विषाणूंची तपासणी होते. प्रमाणित प्रयोगशाळेचं रोप घ्यायचं ते यासाठी.

बाटलीतून बाहेर आलेलं रोप मात्र फार दुबळं असतं. एक मी तळहातावर घेऊन पाहिलं. पानं पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी. त्यांच्यावर मेणाचा थर नसतो, कारण बाटलीत हवा कायम दमट. पानांवरची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात. मुळं पांढरीशुभ्र, पण त्यांनी माती पाहिलेली नसते. उघड्यावर ठेवलं तर ते दहा मिनिटांत माना टाकतं. त्याला आधी ट्रेमध्ये, कोकोपीटवर, दमट पॉलिहाऊसमध्ये पाच-सहा आठवडे ठेवतात. हे पहिलं हार्डनिंग, आणि ते बहुधा प्रयोगशाळाच करते. मग पिशवीत माती, शेणखत आणि कोकोपीट भरून ते ५० टक्के सावलीच्या शेडनेटखाली आणखी पाच-सहा आठवडे राहतं. हे दुसरं हार्डनिंग गावातला छोटा नर्सरीवाला करू शकतो. पाच-सहा पानं झाली, रोप वीतभराच्या वर गेलं, की शेतात.

त्या मुलासाठी मी हाच मार्ग सुचवला. हिशेब आम्ही वहीवर मांडला. सहा बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,४५२ केळी बसतात. २०,००० रोपं म्हणजे सुमारे चौदा एकरांची लागवड, म्हणजे गावातले सात-आठ शेतकरी. वाटा आणि पानांना लागणारी मोकळीक धरून चौरस मीटरला साठ पिशव्या, म्हणजे सुमारे सव्वातीन गुंठे. त्याच्याकडे चार होते. तयार रोपाचा भाव पंधरा-वीस रुपयांत फिरतो, ट्रेमधलं रोप घेण्याचा खर्च वजा जाता हातात थोडेच रुपये राहतात. रोपामागे मिळणारे ते थोडे रुपये मर झाली की जातात. शंभरात पाच गेली तर चालतं. वीस गेली तर वर्ष गेलं.

आणि मर होण्याचे दिवस ठरलेले. मृगबागेसाठी जूनमध्ये रोप द्यायचं तर एप्रिल-मे त्याला शेडनेटमध्ये काढावा लागतो. दुपारी दोन वाजता मी रावेरकडच्या एका जुन्या नर्सरीत उभी होते. फॉगर चालू होते तोवर आत थंडावा होता. मग वीज गेली. मालकीणबाई काही न बोलता उठल्या, त्यांनी आणि दोन बायांनी गोणपाटं भिजवून पश्चिमेच्या बाजूला टांगली, हातपंपाने पाण्याची बारीक फवारणी सुरू केली. वीस मिनिटांत कडेच्या रांगेतली पानं दुमडायला लागली होती. “जनरेटर नसेल तर या धंद्यात पडू नको म्हणा त्याला,” त्या मला म्हणाल्या. “रोप लेकरासारखं असतं, ताई. दुपारी त्याला सोडून जेवायलाही जाता येत नाही.”

पाऊस सरताना लावायच्या कांदेबागेचं रोप पावसाळ्यात वाढतं. तेव्हा ऊन नसतं, मावा असतो. काकडीवर्गीय पिकांचा एक विषाणू, शास्त्रज्ञ ज्याला सीएमव्ही म्हणतात आणि आपल्याकडचे शेतकरी हरण्या, तो माव्याच्या सोंडेवरून केळीत येतो. पानावर पिवळे पट्टे पडतात, कडा वळतात, शेवटी पोंगा सडतो. मावा रोगट पानावर काही सेकंद बसला तरी पुरतं, आणि पुढच्या झाडावरही काही सेकंदच. म्हणून औषध मारून मावा मेला तरी तोवर काम झालेलं असतं. त्यावर उपचार नाही. झाड उपटून पुरायचं किंवा जाळायचं. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात शेतकऱ्यांनी एकेका शेतातली हजारो झाडं उपटून टाकली, आणि पुढच्या वर्षांतही हा रोग परतला. लावून महिनाभर झालेल्या रोपावर पट्टे दिसले तर दोष नर्सरीचा की शेजारच्या काकडीचा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. इथेच वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात.

माझ्या मामांनी यावलकडे एका वर्षी ३,००० रोपं घेतली होती. चौथ्या महिन्यात कळलं की दर दहा-बारा झाडांत एक खुजं आहे, पानं जवळजवळ आलेली, निसवायचं नाव नाही. ते पावती घेऊन गेले. पावतीवर लिहिलं होतं, ‘केळी रोप, ३,०००’. कोणत्या प्रयोगशाळेची, कोणत्या तारखेची, कितव्या फेरीची, काहीच नाही. मग बोलायचं कशावर? मामांना त्या नर्सरीवाल्यापेक्षा त्या कोऱ्या पावतीचा राग जास्त आला, आणि मला तो आजही रास्त वाटतो.

ट्रफलवाल्यांचंही असंच झालं आहे, आणि त्यात आपला हिमालय येतो. ‘ट्यूबर इंडिकम’ नावाचा ट्रफल १८९२ मध्ये हिमालयातल्या नमुन्यावरून नोंदला गेला. तो चीनमध्येही उगवतो. दिसायला फ्रान्सच्या काळ्या ट्रफलसारखा, चवीला आणि भावाला फारच कमी. चिनी माल स्वस्तात युरोपात आला तेव्हाच तज्ज्ञांना धास्ती होती की तो रोपवाटिकांत शिरेल. २००८ मध्ये इटलीतल्या एका बागेत त्याची बुरशी मुळांवर सापडली. शेतकऱ्याने खऱ्या ट्रफलची म्हणून रोपं लावली होती, मातीत घुसली भलतीच बुरशी, आणि एकदा शिरलेली बुरशी मातीतून काढता येत नाही. तिकडच्या चांगल्या रोपवाटिका आता मुळांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली आणि डीएनए चाचणीने तपासून घेतात. आपल्याकडे केळीच्या पनामा मर रोगाची नवी जात, टीआर ४, बिहार आणि उत्तर प्रदेशात आलेली आहे. ती कंदातून आणि मातीतून फिरते, मातीत दशकानुदशकं टिकते, आणि ग्रँड नैन तिला बळी पडते. दुसऱ्या हार्डनिंगची पिशवी भरताना माती कुठून आणली, हा प्रश्न त्यामुळे खानदेशच्या प्रत्येक बागेचा आहे. पैसे वाचवायला जुन्या केळीच्या वावरातली माती पिशवीत भरणारा माणूस सगळ्या पट्ट्याचं नुकसान करू शकतो.

ट्रफलकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट बुरशीचीच आहे. केळीच्या मुळांनाही मायकोरायझा लागतो, ट्रफलपेक्षा वेगळ्या जातीचा, मुळाच्या पेशीत शिरून फांद्या फोडणारा. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद अडकून बसतो, तो मिळवून द्यायला ही बुरशी उपयोगी पडते. बाटलीतलं रोप निर्जंतुक असल्यामुळे त्याच्याकडे ती नसतेच. शेतात गेल्यावर ती हळूहळू लागते, पण पिशवीत भरतानाच मुळाशी टाकली तर रोप तिला घेऊनच बांध ओलांडतं. ही पावडर बाजारात मिळते. मात्र रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी आणि हिची लागण एकाच आठवड्यात केली तर पैसे पाण्यात जातात. स्फुरदाचं खत भरमसाट दिलं तरी मूळ बुरशीला जवळ करत नाही. मुलाला हे ऐकून बरं वाटलं. बुरशी लावलेली रोपं विकायचीच होती त्याला.

धुळ्याकडे, शिरपूरच्या तापीकाठी आणि पुढे शहाद्यापर्यंत, पपईच्या रोपांचा असाच धंदा आहे. तिथेही शत्रू मावाच. पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू तोच पसरवतो, आणि बारीक जाळीआड वाढवलेल्या रोपाला गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार होतं, कारण उघड्यावरच्या रोपाची किंमत लोकांनी आधीच मोजलेली असते.

निघताना मी त्याला चार गोष्टी लिहून दिल्या. प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ट्रे घ्यायचा नाही, दारात दुहेरी जाळी, पिशवीची माती उन्हात तापवलेली आणि केळीच्या वावरातली मुळीच नाही, आणि प्रत्येक पावतीवर प्रयोगशाळा, तारीख, ट्रेचा क्रमांक. शेवटच्या गोष्टीवर तो अडला. “एवढं लिहून दिलं तर उद्या भांडण झालं की माझ्याच अंगावर येईल.” मी म्हटलं, येऊ दे.

जूनच्या शेवटी त्याचा फोटो आला. शेडनेट उभं होतं, आत ४,००० रोपं. त्याने २०,००० चा विचार सोडून पहिल्या खेपेला एवढीच घेतली होती, आणि ते मला आवडलं. फोटोच्या कडेला तो मांडव दिसत होता, नुसते बांबू आणि तारा. मी फोन केला. गिलक्यावर मावा होता, तो म्हणाला, पानांवर पट्टेही दिसत होते. आजीला त्याने पान उलटं करून दाखवलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा वेल मुळासकट निघालेला होता, आणि ती परसात खड्ड्यावर माती लोटत होती.