पाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर व्हायचे आहे? कोणते शिक्षण उपयोगी पडते?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले आणि देशभर त्याची बातमी झाली. ते पाणी नळाला सोडण्याआधी शुद्ध करणाऱ्यांची चर्चा मात्र कोणी केली नाही. शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी मध्यम प्रकल्प आहे, गावोगावी नळयोजना होत आहेत. टाक्या बांधल्या जातात, पण त्या चालवायला जाणकार माणूस लागतो. या कामाकडे वळू पाहणाऱ्यांनी काय शिकावे?

बॉयलर चालवायला प्रमाणपत्र लागते, वायरमनला परवाना लागतो. गावाचे पाणी शुद्ध करणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे तसा सक्तीचा परवाना नाही. त्यामुळे प्रत्येक जाहिरातीत पात्रता वेगळी दिसते.

आयटीआयचा कोणता ट्रेड?

सर्वात जवळचा ट्रेड ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’, म्हणजे एओसीपी. विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण हवे; अभ्यासक्रम २ वर्षांचा. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून ऑनलाइन प्रवेशाचे पर्याय भरताना तो कुठे आहे हे आधी पाहावे. इलेक्ट्रिशियन, फिटर, पंप ऑपरेटर कम मेकॅनिक हे ट्रेडही चालतात, कारण निम्मे काम मोटार, व्हॉल्व्ह आणि पॅनलचेच असते. प्रयोगशाळेत पाणी तपासायचे असेल तर रसायनशास्त्रातील बी. एस्सी. उपयोगी पडते. नगर परिषदांच्या पाणीपुरवठा अभियांत्रिकी सेवेची राज्यस्तरीय भरती वेगळी होते. ती अभियंत्यांसाठी आहे. गावपातळीवर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. जलजीवन मिशनचे ‘नल जल मित्र’ प्रशिक्षणही गावातल्याच तरुणांसाठी आहे.

कामात चूक कुठे होते?

बहुतेक वेळा हिशेबात. समजा, टाकी १ लाख लिटरची आहे आणि लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे आहे. म्हणजे २०० ग्रॅम क्लोरीन. टीसीएल पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असेल तर साधारण ६०० ग्रॅम पावडर पुरते. तीच पावडर ओलसर खोलीत उघडी राहून २० टक्क्यांवर आली, तर १ किलो लागेल. ‘रोजचा डबा’ टाकणाऱ्याला हा फरक कळत नाही. गावाला तो जुलाबाच्या साथीने कळतो. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक हवे. ते गावाच्या शेवटच्या नळावर तपासायचे, टाकीखाली नव्हे.

पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की तुरटीची मात्रा बदलते. त्यासाठी जार टेस्ट यायला हवी; फिल्टर उलट्या पाण्याने धुण्याची, म्हणजे बॅकवॉशची, वेळही ओळखता यायला हवी.

मोठ्या केंद्रात क्लोरीन वायूचे सिलिंडर असतात. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. गळती झाल्यास वाऱ्याच्या विरुद्ध आणि उंचावर जायचे, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे.

नोकरी कशी मिळते?

बरीच केंद्रे ठेकेदाराकडे असल्याने सुरुवात कंत्राटीच होते. एओसीपीनंतर शिकाऊ उमेदवारी केली असेल तर अनुभवाचा दाखला हाती राहतो. रुजू होताना नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि रात्रपाळीत किती जण असतात, हे विचारून घ्यावे. क्लोरीनच्या खोलीबाहेर मास्क टांगलेला आहे का, हेही पाहावे.