रस्ता आणि शर्यतमार्ग : एका मोटारीचे दोन धर्म

मोटारीत केलेल्या बदलास तिचा हौशी मालक ‘सुधारणा’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने तो ‘फेरबदल’ असतो. पहिल्या शब्दात गुणवृद्धी गृहीत धरलेली आहे. दुसऱ्यात केवळ मूळ रूपापासून झालेली फारकत सांगितली आहे. रस्त्यावरची वेगवान मोटार बंदिस्त शर्यतमार्गावर हौसेने चालवू पाहणाऱ्याची खरी अडचण या दोन शब्दांमधील अंतरातच आहे. ज्या बदलाने मोटार शर्यतमार्गावर सुधारते, त्याच बदलाने ती सार्वजनिक रस्त्यावर बिघडू शकते. आणि हौशी चालकापाशी मोटार बहुधा एकच असते.

नाशिककरांस मोटारींच्या स्पर्धा अपरिचित नाहीत. २०१० नंतरच्या दशकात या परिसरात राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. परंतु रॅली आणि शर्यतमार्ग यांची गरज एक नव्हे. रॅलीचा रस्ता खडबडीत असतो. शर्यतमार्ग हा गुळगुळीत डांबराचा बंद वळसा होय. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग १९९० पासून, तर ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्ग २०११ पासून वापरात आला. नाशिकहून यांपैकी कोठेही जावयाचे म्हणजे एकेरी प्रवासच हजार किलोमीटरांहून अधिक होतो. मोटार स्वतःच्या चाकांवर न्यावयाची झाल्यास शर्यतमार्गावरील काही मिनिटांसाठी केलेला बदल महामार्गावरील या सर्व प्रवासात सोबत राहतो.

बदलाचा विचार निघताच इंजिनाची शक्ती वाढविण्याकडे प्रथम लक्ष जाते. वस्तुतः आरंभ ब्रेकपासून व्हावयास हवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी चौपट ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. १,००० किलो वजनाची मोटार ताशी १६० किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे ९८८ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. तीच मोटार १०० मीटर उंचीचा उतार सावकाश, केवळ ब्रेकच्या बळावर उतरविली, तर सुमारे ९८० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकना शोषावी लागते. म्हणजे अतिवेगावरून एकदा थांबणे हे कसारा घाटाचे १०० मीटर केवळ ब्रेकवर उतरण्यासारखे आहे. फरक इतकाच, की घाटात जे कित्येक मिनिटांत घडते ते येथे काही सेकंदांत घडते, आणि वळसा पुरा होण्यापूर्वी तशाच स्वरूपाचे जोरकस ब्रेक पुन्हा पुन्हा लावावे लागतात. चार चाकांच्या बिडाच्या तबकड्या मिळून २० किलो वजनाच्या धरल्या आणि सर्व उष्णता त्यांतच गेली असे मानले, तर एका थांबण्याने त्यांचे तापमान १०० अंशांहून अधिक वाढते.

ही उष्णता तबकडीपुरती राहत नाही. ती ब्रेकच्या द्रवापर्यंत पोचते. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट-४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतर किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा पेडल तळाशी जाऊनही मोटार थांबत नाही. म्हणून ताजा द्रव भरणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्विवाद बदल होय. तो शर्यतमार्गावर उपयोगी आहे आणि घाटातही.

ब्रेकच्या पॅडविषयी मात्र असे म्हणता येत नाही. केवळ शर्यतीसाठी घडविलेले पॅड तापल्यावर उत्तम पकड घेतात. थंड असताना ती पकड कमी असते. शर्यतमार्गावर एक वळसा घालून ते तापविता येतात. सकाळी घरातून निघालेल्या मोटारीपुढे अचानक मूल आले, तर तापविण्यास अवसर नसतो.

स्प्रिंगा आणि गॅरेजात ज्यांस सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात ते धक्काशोषक, यांचीही तीच गोष्ट आहे. कडक स्प्रिंगेने वळणावर मोटार कमी कलते व टायर जमिनीशी योग्य कोन राखतो. परंतु खड्ड्यांच्या रस्त्यावर तीच स्प्रिंग चाकास उसळवते. आणि जमिनीपासून सुटलेले चाक मोटार वळवूही शकत नाही, थांबवूही शकत नाही. चाकांचा माथा आत कलविल्यास वळणावर बाहेरचा टायर पूर्ण रुंदीने टेकतो. सरळ महामार्गावर मात्र त्याची आतली कड लवकर झिजते. इंजिनाचीही गरज येथे शक्तीची नसून संरक्षणाची आहे. दीर्घ वळणात तेल एका बाजूस सरकते व पंपाच्या तोंडाशी तेल न उरल्यास बेअरिंगे कोरडी पडतात. तेलाच्या टाकीत आडपडदे बसविले म्हणजे हा धोका कमी होतो.

कायद्याची भूमिका या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने मूळ ठरविलेल्या व नोंदणीत दाखविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. मोटारीच्या नेहमीच्या विम्यातही संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. शर्यतमार्गावर झालेले नुकसान मालकानेच सोसावयाचे असते.

यावरून बदलांचे तीन वर्ग पडतात. ताजा द्रव, उत्तम टायर, नवे तेल हे बदल दोन्ही ठिकाणी हितकारक आहेत. ते प्रथम करावेत. वेगळे पॅड, टायरातील हवेचा दाब, चाकांचा कल हे बदल शर्यतीच्या दिवशी करून परतीपूर्वी पूर्ववत् करण्याजोगे आहेत. मात्र परत बसविलेल्या ब्रेकची परीक्षा केल्याखेरीज रस्ता धरू नये. आसने काढणे, पिंजरा बसविणे, अतिकडक स्प्रिंगा घालणे हे बदल मोटारीचा धर्मच पालटतात. ते करणाऱ्याने ती मोटार रस्त्यावरून निवृत्त करून वाहक गाडीवरून न्यावी हेच योग्य. ‘सुधारणा’ हा शब्द कोणत्या जागेसाठी, या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून अर्थपूर्ण होत नाही. आणि हे उत्तर पाना हाती घेण्यापूर्वी द्यावयाचे असते.