बेटाचा नकाशा आणि वाचनाची गोडी

मुलाला वाचनाची गोडी कशी लागते, या प्रश्नाचें उत्तर शाळेच्या वेळापत्रकांत सांपडत नाहीं. अक्षरें ओळखतां येणें ही एक गोष्ट, आणि पुढचें पान उलटल्यावांचून राहवूं नये ही दुसरी. पहिली शिकवितां येते. दुसरी लागावी लागते. ती कशी लागते हें पाहावयाचें असेल, तर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच्या 'ट्रेझर आयलंड' या साहसकथेचा जन्म पाहावा. ही कादंबरी छापून निघण्यापूर्वी एका घरांत रोज मोठ्यानें वाचली जात होती, आणि तिचा पहिला श्रोता १३ वर्षांचा एक मुलगा होता.

१८८१ सालच्या ऑगस्टमध्यें स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधील ब्रेमार या डोंगराळ गांवीं सहकुटुंब राहावयास गेला. वय तिशीचें, प्रकृति दुबळी, आणि लेखणीच्या मिळकतीवर संसार चालविणें अद्याप साधलेलें नव्हतें. त्यांत पावसाची झड लागलेली. पत्नीच्या पहिल्या लग्नाचा मुलगा लॉइड ऑस्बोर्न हा सुटींत घरीं होता. बाहेर पडतां येईना, म्हणून तो रंगांची पेटी घेऊन चित्रें काढीत बसे. अशाच एका दिवशीं एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला. पहिली रेघ कोणी ओढली, याविषयीं पुढें दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत. परंतु तो नकाशा न्याहाळतां न्याहाळतां आपल्याला त्या झाडींतून कथेंतील माणसें दिसूं लागलीं, असें स्टीव्हन्सननेंच लिहून ठेवलें आहे. त्यानें कागद पुढें ओढला आणि प्रकरणांची यादी लिहून काढली.

मग रोज एक प्रकरण असा क्रम सुरू झाला. लिहून झालेला भाग दुपारच्या जेवणानंतर घरच्या मंडळींना वाचून दाखवावयाचा. लॉइडची एकच अट होती: गोष्टींत बायका नकोत. नायकाची आई सोडली, तर ती अट बहुतेक पाळली गेली. लवकरच आजोबाहि या बैठकींत रमूं लागले. स्टीव्हन्सनचे वडील थॉमस हे दीपगृहें बांधणारे नामांकित इंजिनिअर. बिली बोन्स या खलाशाची पेटी उघडण्याचा प्रसंग जवळ आला, तेव्हां तींत काय काय निघावें याची यादी त्यांनीं जवळजवळ सबंध दिवस खर्चून एका लिफाफ्याच्या पाठीवर लिहून दिली, आणि मुलानें ती कथेंत घेतली.

ऐकणाराला या कथेनें कसें बांधून ठेवलें असेल, हें तिच्या रचनेवरून समजतें. गोष्ट सांगणारा जिम हॉकिन्स हा स्वतः मुलगाच आहे. म्हणून श्रोत्याला त्याच्या जागीं उभें राहण्यास सायास पडत नाहींत. जहाजावर सफरचंदांच्या पिंपांत शिरलेल्या जिमला चांच्यांचा कट ऐकूं येतो. हें भयंकर गुपित त्याच्या एकट्याच्या मनांत असतांनाच जमीन दिसल्याची आरोळी होते आणि प्रकरण संपतें. याहून मोठी खुबी लाँग जॉन सिल्व्हर या लंगड्या आचाऱ्याच्या चित्रणांत आहे. तो गोड बोलतो, जिमला जीव लावतो आणि प्रसंगीं निर्दयपणें खूनहि करतो. त्याला चांगला म्हणावें कीं वाईट, याचा निवाडा लेखक करून देत नाहीं. तो वाचणाऱ्या मुलालाच करावा लागतो. उपदेशानें मूल ऐकतें. अशा पेंचानें तें विचार करूं लागतें.

१५ दिवसांत १५ प्रकरणें झालीं आणि लेखणी अडली. कथा 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकानें घेतली होती; आरंभींचीं मुद्रितें तपासावयास आलीं, तरी शेवट सुचेना. अखेर प्रकृतीसाठीं स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथें गेल्यावर एके सकाळीं ओघ पुन्हां सुरू झाला आणि उरलेली कथाहि रोज एका प्रकरणाच्या वेगानें पुरी झाली. ऑक्टोबर १८८१ पासून जानेवारी १८८२ पर्यंत ती साप्ताहिकांत आली, तेव्हां तिचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. १८८३ सालीं पुस्तक निघालें, तेव्हां मात्र लहानथोरांनीं तें उचलून धरलें. हेन्री रायडर हॅगर्ड यानें तर असें पुस्तक आपणहि लिहूं, अशी भावाशीं पैज लावली आणि त्यांतून १८८५ सालीं 'किंग सॉलोमन्स माइन्स' ही कादंबरी बाहेर पडली.

आणि तो पहिला श्रोता? डाव्होस येथें लॉइडनें एका छोट्या छापयंत्रावर स्टीव्हन्सनचीं पद्यें व ठसे छापून चिमुकल्या पुस्तिका काढल्या. 'ट्रेझर आयलंड' त्यालाच अर्पण झालें. पुढें त्यानें स्टीव्हन्सनच्या जोडीनें 'द राँग बॉक्स' (१८८९), 'द रेकर' (१८९२) आणि 'दि एब टाइड' (१८९४) या कादंबऱ्या लिहिल्या. श्रोत्याचा मुद्रक झाला आणि मुद्रकाचा लेखक.

यांत नवलाचें साधन एकहि नव्हतें. रंगांची एक पेटी, वाचून दाखविणारा एक वडीलधारा, स्वतः रमणारे एक आजोबा आणि उद्यांवर ठेवलेलें एक प्रकरण, एवढेंच. रात्रीं पोथी जेथें थांबे तेथून उद्यांची ओढ लागे, हा अनुभव महाराष्ट्रांतील घरांनाहि नवा नाहीं. मुलाच्या हातीं पुस्तक देऊन निघून जाणें सोपें असतें. त्याच्याजवळ बसून एक प्रकरण वाचावें आणि ऐन रंगांत पुस्तक मिटावें. मग तें पुन्हां उघडावयास त्याला कोणी सांगावें लागत नाहीं.