असोळणा ते कुरितिबा

2015 च्या पूर्वार्धात दक्षिण गोव्यातल्या असोळण्याचा रोमिओ फर्नांडिस ब्राझीलमधल्या अ‍ॅटलेटिको पारानाएन्से क्लबकडून मैदानात उतरला. सामना पाराना राज्याच्या अजिंक्यपद स्पर्धेतला होता आणि रोमिओ बदली खेळाडू होता. तरीही दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव कायमचं नोंदलं गेलं. त्याच वर्षी तो परतलाही.

मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या आचऱ्याच्या दक्षिणेला गोवा आणि घाटावर कोल्हापूर. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या दोन मुलखांच्या मधे राहून आम्ही मात्र भातकापणी झालेल्या मळ्यात क्रिकेटच खेळत आलो. फुटबॉलची बातमी इथे येते ती नोकरीसाठी गोव्यात असलेल्या आणि सणाला घरी आलेल्या पोरांकडून. रोमिओचं नाव निघालं की ठरलेला प्रश्न येतो, “पण किती मिन्टां खेळलो तो?” प्रश्न रास्त आहे. पण उत्तर मिनिटांत शोधलं तर या कारकिर्दीचं मर्म हाती लागत नाही. ते त्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये आहे.

रोमिओचा जन्म 6 जुलै 1992 चा. बाजूने धावणारा, वेगाचा खेळाडू. तो डेम्पोचा होता. 2005 ते 2012 या काळात या क्लबने देशाचं विजेतेपद पाच वेळा पटकावलं होतं. 2014 च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. एफसी गोवाच्या प्रशिक्षकपदी खुद्द ब्राझीलचा दिग्गज झिको आला आणि डेम्पोचे बरेच खेळाडू त्याच्या हाताखाली गेले. त्यांत रोमिओही होता. संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. तिथे कोलकात्याविरुद्धच्या दोन्ही लढती गोलशून्य राहिल्या आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गोवा हरला. पण झिकोच्या नजरेखालून गेलेल्या खेळाडूकडे ब्राझीलमध्ये कुणी तरी वळून पाहणार, हे उघड होतं. काही आठवड्यांतच डेम्पोने रोमिओला लोनवर पारानाएन्सेला दिलं.

पारानाएन्सेचं कुरितिबा हे समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंचावरचं, थंड हवेचं शहर. क्लब 1924 चा. त्याच्या मैदानावर आदल्याच वर्षी विश्वचषकाचे सामने झाले होते. अशा ठिकाणी बावीस वर्षांचा गोंयकार पोचला तेव्हा घरी काय चाललं होतं? सुपर लीग डिसेंबरात संपली होती आणि जानेवारीपासून डेम्पो ज्यात खेळायचा ती जुनी राष्ट्रीय लीग, आय-लीग, सुरू झाली होती. म्हणजे डेम्पोने आपला चांगला गडी ऐन हंगामात बाहेर पाठवला होता. त्याच हंगामाच्या शेवटी डेम्पो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला. एक खेळाडू नव्हता म्हणून हे घडलं असं कुणी म्हणणार नाही, पण पाठवणाऱ्याने काय पणाला लावलं होतं ते यावरून दिसतं. ऑक्टोबरात पुन्हा सुपर लीग उभी राहणार होती. ब्राझीलची राष्ट्रीय लीग तर तेव्हा मेपासून डिसेंबरपर्यंत चालायची. ती खरी रंगात यायची तेव्हाच गोव्याची सुपर लीग दारात उभी.

आचऱ्याच्या माणसाला हे गावपळणीच्या भाषेत चटकन समजतं. आमच्याकडे रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत राहतो आणि पुन्हा कौल मिळाला की घरी येतो. जाणं जसं आपल्या मर्जीचं नाही, तसं परतणंही नाही. रोमिओला जाण्याचा कौल डेम्पोने दिला आणि परतीचा कौल सुपर लीगच्या वेळापत्रकाने. कुरितिबात रुळायला जेवढा काळ लागला असता, तेवढा त्याला कुणी दिलाच नाही.

त्याच्या आधी गेलेल्यांचे हिशेब पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. 1936 मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिकच्या राखीव संघाकडून पायाला पट्ट्या बांधून खेळला आणि घरच्या ओढीने लवकरच परतला. बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडमधल्या बरी क्लबकडे गेला. तिसऱ्या श्रेणीतला तो क्लब, पण भुतिया तिथे तीन हंगाम टिकला आणि 37 लीग सामने खेळला. सुनील छेत्रीला 2009 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने घ्यायचं ठरवलं, तर ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं. कारण असं की भारत फिफाच्या पहिल्या सत्तर देशांत नव्हता. कधी असणार? भारताचा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक 94 आहे आणि तोही 1996 चा. पुढच्या वर्षी छेत्री अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे गेला, पण लीगचा एकही सामना न खेळता परतला. 2012 मध्ये तो लिस्बनच्या स्पोर्टिंगच्या ‘ब’ संघात गेला आणि काही महिन्यांतच लोनवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला. त्या हंगामात चर्चिलने आय-लीग जिंकली. लिस्बनमध्ये राखीव बाकावर बसणारा खेळाडू मडगावात विजेता ठरतो, तेव्हा त्याला पुन्हा बाहेर जा असं कोण सांगणार?

गुरप्रीतसिंग संधूची गोष्ट वेगळी आहे. 2014 मध्ये तो नॉर्वेच्या स्ताबेककडे गेला आणि तीन वर्षं तिथेच राहिला. पहिला काळ बाकावरच गेला. 2016 मध्ये मात्र युरोपा लीगच्या पात्रता फेरीत त्याला संघात जागा मिळाली. भुतिया आणि संधू यांना जोडणारा धागा म्हणजे दोघांनाही परदेशात एकाहून जास्त हंगाम मिळाले. दोघांचे क्लब मोठ्या नावाचे नव्हते. मोठ्या नावाच्या क्लबांत गेलेले आपले बहुतेक खेळाडू काही महिन्यांत परतले.

घाटावरचं उदाहरण कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं. तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरवणाऱ्या शहराचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. पुढच्या वर्षी तो इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तीन महिन्यांच्या सरावासाठी गेला. 2010 पासून ब्लॅकबर्नची मालकी पुण्याच्या व्हेंकीज समूहाकडे आहे. मालक पुण्याचा, खेळाडू कोल्हापूरचा, तरी सरावापलीकडे दार उघडलं नाही. परमिटचे नियम मालकाचं गाव पाहत नाहीत. अनिकेत परतला आणि सुपर लीगमध्ये जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल अशा संघांकडून खेळत राहिला.

यात आणखी एक अडचण वयाची आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे काही अपवाद सोडले तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. त्यामुळे आपला मुलगा बाहेर पडतो तो विशी ओलांडून, आणि त्या वयात तिकडचा मुलगा अकादमीत आठ-दहा वर्षं काढून पहिल्या संघात शिरलेला असतो. हे अंतर तीन महिन्यांत किंवा अर्ध्या हंगामात भरून निघत नाही.

रोमिओ परतल्यावर 2015 च्या सुपर लीगमध्ये पुन्हा एफसी गोवाकडून खेळला. संघ अंतिम फेरीत गेला आणि फातोर्ड्याच्या घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून 3-2 असा हरला. पुढे तो दिल्लीकडे, मग भुवनेश्वरच्या ओडिशाकडे आणि 2021-22 च्या हंगामात ईस्ट बंगालकडे गेला. ज्या डेम्पोने त्याला ब्राझीलला पाठवलं, त्याने 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासोबत आय-लीगमधून अंग काढून घेतलं. त्याबरोबर गावातल्या मुलाला वर आणून बाहेरच्या जगाकडे पाठवू शकणारी गोव्याची एक पायरीही ढासळली.

एका बाजूने पाहिलं तर सुपर लीगने खेळाडूला घरच्या घरी बरा पैसा आणि भरलेली मैदानं दिली. यात वाईट काही नाही. पण त्यामुळे परदेशातल्या बाकावर दोन वर्षं बसण्याचा सौदा खेळाडूला परवडेनासा झाला आणि क्लबलाही तो नको झाला. रोमिओची वारी नेमकी या दोन काळांच्या सांध्यावर झाली. जुन्या क्लबने सोडलं आणि नव्या लीगने बोलावलं.

म्हणून किती मिनिटं खेळला यापेक्षा किती हंगामांसाठी पाठवला, हे विचारायला हवं. पुढचा मुलगा असोळण्याचा असो, कोल्हापूरचा असो की आमच्या मालवण किनाऱ्यावरचा, त्याला पाठवणाऱ्यांनी अठरा पूर्ण होताच, मधल्या श्रेणीतल्या क्लबकडे, निदान दोन पूर्ण हंगामांसाठी पाठवावं आणि तेवढ्या काळात घरून हाक मारू नये. एवढं करून तो अपयशी ठरला तर ते त्याचं अपयश म्हणता येईल. रोमिओच्या बाबतीत तसं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण त्याची परीक्षा पूर्ण व्हायच्या आतच आपण पेपर ओढून घेतला.