रेघेची जाडी आणि मोजणीचा खर्च

जळगावात घर बांधायला काढलेल्या माणसाला सिमेंट, सळई आणि वाळूचे भाव तोंडपाठ असतात. मोजणीला किती पैसे ठेवलेत असं विचारलं की तो अडखळतो. "प्लॉट लेआऊटमधला आहे, त्यात मोजायचं काय?" मेहरूणमध्ये हे मी पुष्कळांकडून ऐकलं आहे. बोरांसाठी नाव असलेलं हे शिवार. आज त्यातल्या कितीतरी शेतांचे बिनशेती प्लॉट झाले आहेत. खरेदीखतावर 30 बाय 50 लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला तेवढं पुरेसं वाटतं. ते 30 फूट जमिनीवर नेमके कुठून सुरू होतात, हे मात्र खरेदीखत सांगत नाही.

सरकारी मोजणीचा दर गुप्त नाही. 1 डिसेंबर 2024 पासून मोजणीचे दोनच प्रकार राहिले, नियमित आणि द्रुतगती. त्याआधीच्या साधी, तातडी, अति तातडी अशा पायऱ्या गेल्या. महापालिका हद्दीत 1 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 3000 रुपये आणि द्रुतगतीला 12000. मुदत अनुक्रमे 90 आणि 30 दिवसांची. म्हणजे 139 चौरस मीटरच्या प्लॉटवाल्याला पूर्ण हेक्टरवाल्याइतकीच फी पडते. हे मला खटकतं. दीड हजार चौरस फुटांत घर बसवणाऱ्यासाठी वेगळा, खालचा टप्पा असायला हवा होता. तरीही जो भाड्याच्या घरात राहतो त्याने द्रुतगतीचा हिशेब मांडून पाहावा. महिना 6000 भाडं असेल तर वाचलेल्या दोन महिन्यांचे 12000 होतात आणि फीमधला फरक 9000 चा आहे.

मी पाहिलेली मोजणी मेहरूण तलावाकडे उतरत जाणाऱ्या एका कॉलनीतली. मालक एसटीतून निवृत्त झालेले. लगतच्या प्लॉटधारकांना नोटिसा गेल्या होत्या, त्यातले दोघे हजर होते. भूकरमापकाने रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा टिपणाऱ्या यंत्राचा, दांडा उभा केला, त्यावरच्या गोल पातळीदर्शकातला बुडबुडा मधोमध आणला आणि हातातल्या स्क्रीनकडे बघत थांबला. कोपऱ्यावर कडुनिंबाची फांदी आली होती. स्क्रीनवर 'फ्लोट' दिसत होतं. या अवस्थेत घेतलेला बिंदू धरायचा नसतो. फांदी दोरीने बाजूला ओढून धरली, आकाश मोकळं झालं, 'फिक्स' आलं आणि मग त्याने बिंदू नोंदवला. उपग्रहांकडून येणाऱ्या स्थानातली चूक कॉर्स नावाच्या कायम चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांकडून मोबाईल नेटवर दुरुस्त होत राहते, म्हणून हे यंत्र दोन-तीन सेंटीमीटरच्या आत बोलतं. पूर्वी इथे तिपाईवर प्लेन टेबल मांडलं जायचं आणि 33 फुटी साखळी ओढली जायची. अशी एक साखळी लांब आणि एक रुंद म्हणजे 1 गुंठा, 1089 चौरस फूट.

पूर्वेच्या कोपऱ्यावर चुन्याची फक्की पडली, तशी शेजारचे बाबा पुढे आले. "साहेब, आमच्या बापानं ठोकेल खुटा हाये हा." खुटा आणि फक्की यांच्यात वीतभर अंतर होतं. आता यंत्र बरोबर की खुटा?

इथे लोक यंत्राकडे बोट दाखवतात, पण गाठ कागदात असते. 1:500 प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 25 सेंटीमीटरची होते. नऊ इंची भिंत त्या रेघेत आख्खी मावते. रोव्हर कितीही अचूक असला तरी त्याला जुळायचं असतं हाताने काढलेल्या या जुन्या रेघेशी. म्हणून जाणता भूकरमापक एकाच प्लॉटवर थांबत नाही. यानेही रस्त्याच्या दोन्ही टोकांचे जुने दगड शोधले, आख्ख्या रांगेची लांबी धरली आणि नकाशातल्या लांबीशी ताडून पाहिली. मग बाबांना समजावलं की खुटा त्यांच्या बाजूने सरकलेला आहे, पण त्यांचा प्लॉट कमी भरत नाही. बाबांनी सही केली. जबाबात मात्र "खुटा जुना आहे" हे वाक्य त्यांनी लिहवून घेतलं आणि भूकरमापकानेही ते शांतपणे लिहिलं. तीन हजारांत मालकाला जे मिळालं त्यातला सगळ्यात मोलाचा भाग ही सही होती.

खानदेशात मोजणीवरचा संशय जुना आहे. 1852 साली इंग्रज सरकारची जमीनमोजणी इकडे आली, तेव्हा सारा वाढेल या धास्तीने सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र आले आणि सरकारला फौज आणावी लागली. साखळी आली की काहीतरी जाणार, ही भावना काही उगाच आलेली नाही.

पण मोजणीनंतर मिळणारी सरकारी नकाशाची 'क' प्रत हातात आली म्हणजे घराचा नकाशा काढता येतो असंही नाही. त्यात हद्द असते, उंची नसते. रस्ता प्लॉटपेक्षा किती वर आहे, गटार कुठल्या पातळीवर आहे, विजेचा खांब कुठे, पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे जातं, हे अभियंत्याला टोटल स्टेशनवाल्या खासगी सर्व्हेअरकडून घ्यावं लागतं. त्याचा दर ठरलेला नाही, बोलून ठरतो. हा दुसरा खर्च लोकांना दुबार वाटतो. तो दुबार नाही, कारण खासगी सर्व्हेअरच्या नकाशावर जोतं ठरवता येतं, पण शेजाऱ्याशी हद्दीचा वाद निघाला तर आधार लागतो सरकारी मोजणीचा. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या लहान घरांची वाट सोपी केली, तेव्हा मोजणीही टळली असा अर्थ कित्येकांनी काढला. टळली ती छाननी. सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, कमी पडलं तर जबाबदारी आता मालकावर आणि सही करणाऱ्या अभियंत्यावर येते.

तिसरा खर्च मातीचा, आणि तापी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत तोच पहिला धरावा असं माझं ठाम मत आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यावर उथळ पाया घेतलेल्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. आपले गवंडी मुरूम लागेपर्यंत खणतात. ही चाल चांगली आहे, पण मुरूम चार फुटांवर आहे की चौदा, हे पाया खणायला घेतल्यावर कळलं तर सळई आणि काँक्रीटचा अंदाज कोलमडतो. मोठ्या कामाला बोअर घेऊन 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून सोडतात आणि नळी 30 सेंटीमीटर उतरायला किती ठोके लागले ते मोजतात. एकमजली घराला एवढं लागेलच असं नाही. जेसीबीने दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन अभियंत्याला आत उतरवलं तरी पुष्कळ कळतं.

या एसटीवाल्या काकांनी तेच केलं. उत्तरेच्या खड्ड्यात मुरूम लवकर लागला, तलावाच्या बाजूच्या खड्ड्यात काळी संपेना. अभियंत्याने जिना आणि पाण्याची टाकी उत्तरेकडे घेतली, उरलेल्या कॉलमांचा पाया खोल धरला आणि हद्दीपासूनचं अंतर 'क' प्रतीवरून पुन्हा मोजून नकाशा दुरुस्त केला. जेसीबीचं भाडं काकांनी सळईच्या पैशांतून काढलं. तो दुरुस्त नकाशा त्यांनी महापालिकेत दाखल केला, आणि पायाच्या सळईची मागणी दुकानदाराला त्यानंतर दिली.